‘आनंदी राहा’ सांगून काय होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गरोदरपणावर अधूनमधून लेख येतात, मी ते सगळे वाचते, कारण अख्खी नोकरी लेबर रूममध्ये गेली आणि रिटायर झाले तरी त्या विषयावरून लक्ष हटत नाही. लेख चांगले असतात. सोनोग्राफी कधी करायची, लोहाच्या गोळ्या का चुकवायच्या नाहीत, कुठल्या कुशीवर झोपायचं, सगळं नीट दिलेलं असतं. आणि मग शेवटी एक ओळ येते, दर वेळी तीच, ‘गरोदर स्त्रीने आनंदी राहावे, कुटुंबीयांनी तिला मानसिक आधार द्यावा.’ झालं, संपला लेख. म्हणजे बीपी किती असावं ते आकड्यात सांगायचं आणि मनाचं आलं की एका ओळीत उरकून टाकायचं. आधार द्यावा म्हणजे कोणी द्यावा, कधी द्यावा, नक्की काय करावं, ते कुणी लिहितच नाही, मग जो तो आपापल्या परीने धीर देत सुटतो आणि मी तर असं पाहिलंय की बरेचदा त्या धीरानेच बाई गप्प होऊन जाते. म्हणून हे लांबलचक पत्र, कापायचं असेल तर कापा.

आधी त्या ‘आनंदी राहा’बद्दल. सल्ला कसला, हुकूमच तो. वर पुस्ती जोडलेली असते की तू रडलीस तर पोटातल्या बाळावर परिणाम होईल. आता ज्या बाईला तिसऱ्या महिन्यात पाण्याचा घोटसुद्धा ठरत नाही, रात्रभर ओकाऱ्या, वर नोकरी किंवा घरातलं काम चुकत नाही, ती रडेल नाहीतर काय करेल? ती रडते, आणि मग रडल्यामुळे बाळाला काही झालं असेल का या भीतीने परत रडते. दुष्काळात तेरावा महिना. एखाद दिवस रडलं, चिडलं, नवऱ्यावर ओरडलं म्हणून बाळाला काही होत नाही हो. आठवडेच्या आठवडे चाललेलं डिप्रेशन अंगावर काढलं तर मात्र त्याचा त्रास आई आणि बाळ दोघांनाही होऊ शकतो, पण त्यावर उपाय म्हणजे उपचार, हसरा चेहरा करून बसणं नव्हे.

आणि गरोदरपणात सगळ्याच बायका आनंदात असतात हे तरी कुणी ठरवलं? मूल हवं असतं, मागून घेतलेलं असतं, तरी मधेच वाटतं की आपल्याला हे जमणार नाही, आपलं काम सुटणार, शरीर आपलं राहिलं नाही, कशाला पडलो यात. हे असं वाटणं अगदी कॉमन आहे पण बोलून दाखवायची सोय नाही, कारण बोललं की समोरचा लगेच म्हणतो, अगं असं बोलू नये, कितीतरी जणींना मूल होत नाही. बरोबर आहे ना, नाही होत, पण त्याने हिची भीती कमी कशी होणार?

ज्यांचा आधी गर्भपात झालेला असतो त्यांचं तर विचारूच नका. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के पहिल्या काही महिन्यांतच थांबतात, म्हणजे ही गोष्ट अजिबात दुर्मिळ नाही, आणि बहुतेक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडाचं असतं, बाईने जिना चढला किंवा प्रवास केला म्हणून नसतं. तरी ती मनातल्या मनात स्वतःलाच कोर्टात उभी करते. अशी बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली की प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाताना रक्त दिसेल का म्हणून धास्तावलेली असते. तिला ‘या वेळी सगळं छान होणार, टेन्शन घेऊ नकोस’ म्हणू नका. मागच्या वेळीही सगळे हेच म्हणाले होते. त्यापेक्षा ‘पुढच्या सोनोग्राफीला मी बरोबर येऊ का’ असं विचारा. आणि खरंच जा, बाहेर बाकावर बसून राहावं लागलं तरी जा.

जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगतेय की गरोदरपणात किमान ८ वेळा तपासणी व्हावी. आठही वेळा वजन बघतात, बीपी बघतात, लघवी तपासतात, बाळाचे ठोके ऐकतात. ‘मन कसं आहे, झोप लागते का, घरात कुणी त्रास देतं का’ हे विचारायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. ओपीडीत गर्दी असते हे मला कुणी सांगायला नको, मी त्या गर्दीतच नोकरी केली, तरी दोन मिनिटं निघतात. आणि ती का काढायची तर २०१३ साली अमेरिकेत १०,००० बाळंतिणींची पाहणी छापून आली होती, त्यात ज्यांना बाळंतपणानंतर डिप्रेशनची लक्षणं दिसली त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश जणींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता आणि पाव हिश्शाहून जास्त जणींचा तर त्याच्याही आधीपासूनचा होता. म्हणजे आपण बाळंतपण होईपर्यंत वाट बघत बसतो आणि आजार आधीच घरात येऊन बसलेला असतो.

आता लेबर रूम. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण इथलं मला सगळ्यात जास्त कळतं.

कळा सुरू झालेल्या बाईजवळ सतत एक माणूस असणं याचा किती फरक पडतो हे मोजून झालेलं आहे, हा माझा भाबडेपणा नव्हे. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलमधला अभ्यास छापून आला, केनेल आणि क्लाऊस हे बालरोगतज्ञ त्यात होते. तिथे बायका एकट्याच कळा सोसायच्या, घरचं कुणी आत नसायचं. त्यांच्यातल्या काही जणींजवळ एक साधी बाई बसवली, नर्स नाही, दाई नाही, ओळखीची तर अजिबातच नाही, नुसती हात धरायला, पाठ चोळायला, बोलायला. जिच्याजवळ अशी बाई होती तिचं बाळंतपण सरासरी पावणेनऊ तासांत झालं आणि जी एकटी होती तिला १९ तासांच्या वर लागले. शिवाय सोबत मिळालेल्या आया नंतर जास्त जाग्या होत्या, बाळाशी जास्त बोलत होत्या, हसत होत्या. अभ्यास लहान होता, बायका थोड्याच होत्या, म्हणून इतका मोठा फरक सगळीकडे पडेल असं कुणी समजू नये. पण नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले आणि २०१७ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, त्यातले १७ देशांमधले २६ अभ्यास, मिळून १५,००० च्या वर बायका, एकत्र करून बघितले. सोबत असली की सिझरचं प्रमाण कमी, नॉर्मल डिलिव्हरी जास्त, कळांचा काळ थोडा कमी, वेदनेची औषधं कमी लागली, आणि बाळंतपणाबद्दल कडू आठवण राहणाऱ्या बायकाही कमी. तोटा काहीच सापडला नाही. औषध असतं ना हे, तर कंपन्यांनी केवढ्याला विकलं असतं!

याचं कारणही समजण्यासारखं आहे. बाई घाबरली की अंगात अ‍ॅड्रिनलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि त्याने कळा मंदावू शकतात. त्यात जिवाच्या आकांताने अंग आखडून धरलं की दुखणं दुप्पट वाटतं. जवळ विश्वासाचं माणूस असलं की श्वास लांब होतो, खांदे खाली येतात. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, बाई तीच, कळा त्याच, फक्त दाराजवळ थांबलेली बहीण आत आली.

पण सोबत म्हणजे काय करायचं? एक तर कळ चालू असताना बडबड करायची नाही. कळ साधारण मिनिटभराची असते, तेवढ्या वेळात हात द्यायचा, कमरेच्या खालच्या बाजूला तळव्याने दाबून धरायचं, तिला आवडत असेल तरच हं, नको म्हणाली तर हात काढायचा आणि राग मानायचा नाही. बोलायचं ते दोन कळांच्या मधे, आणि थोडं. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर घोटभर पाणी द्यायचं. उठून चालायला, कूस बदलायला मदत करायची. आत्ता काय चाललंय, नर्स काय बघून गेली, ते तिला सोप्या शब्दांत सांगायचं, कारण त्या खोलीत सगळ्यात जास्त भीती वाटते ती काय चाललंय ते न कळण्याची. ‘मी इथेच आहे, कुठे जात नाही’ एवढं म्हणायचं आणि मग खरंच कुठे जायचं नाही, फोन आला तरी.

आणि काय म्हणायचं नाही त्याची यादी तर माझ्याकडे केवढी मोठी आहे. ओरडू नकोस. एवढ्यात दमलीस? बाकीच्या बघ कशा गप पडल्यात. आम्ही नाही का काढली पोरं. हे घरचेच म्हणतात असं नाही, आमच्यातलेही म्हणतात, आणि त्याहून वाईटही बोलतात, ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. ज्या बाईच्या अंगावर त्या वेळी कुणी खेकसलेलं असतं तिला वीस वर्षांनीसुद्धा ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, बाळाचं वजन विसरेल पण ते विसरत नाही. ओरडणारी बाई नाटक करत नसते आणि शांत बाईला कमी दुखत असतं असंही नाही. कळा सोसायची काही परीक्षा नसते की मार्क द्यावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या काळजीच्या शिफारशी काढल्या त्यात हे स्पष्ट आहे, बाईला सन्मानाने वागवा आणि तिच्या पसंतीचं माणूस तिच्यासोबत असू द्या. तिच्या पसंतीचं, यावर माझा भर आहे. नवरा हवा असेल तर नवरा, आई हवी तर आई, मैत्रीण हवी तर मैत्रीण, आणि सासूच आत जाणार असं घरच्यांनी बाहेर परस्पर ठरवून टाकायचं नाही. हॉस्पिटलं म्हणतात की जागा नाही, शेजारी दुसऱ्या बायका असतात, त्यांचा संकोच. मान्य, पण दोन खाटांच्या मधे एक पडदा लावला की निम्मा प्रश्न सुटतो आणि पडद्याला काय असं मोठं बजेट लागतं?

सिझर झालेल्यांना वेगळंच ऐकावं लागतं, ‘बरं झालं बाई, त्रास वाचला.’ पोटाचे थर कापून परत शिवलेले असतात, खोकला आला तरी उशी दाबून धरावी लागते, आणि त्रास वाचला! त्यातून इमर्जन्सीत सिझर करावं लागलं असेल तर ती बाई आतून हादरलेली असते, तिला जे झालं ते परत परत सांगावंसं वाटतं. सांगू द्या. ‘बाळ चांगलं आहे ना, मग विसर आता’ म्हणून तिचं तोंड बंद करू नका. आपल्याकडे कुणी विचारलं की ‘बाळ बाळंतीण सुखरूप’ असं एका दमात सांगतात, बाळाचं एक वेळ लगेच कळतं, बाळंतीण खरंच सुखरूप आहे का ते कळायला पुढचे कितीतरी आठवडे जातात.

कारण खरी मजा तर घरी गेल्यावर असते. डिलिव्हरीनंतर एक-दोन दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स धाडकन खाली येतात, झोप नसते, टाके दुखतात, छाती भरून दगड होते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई काही कारण नसताना रडायला लागते. याला बेबी ब्लूज म्हणतात, निम्म्याहून जास्त आयांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. हे डिस्चार्ज देताना एक मिनिट थांबून सांगितलं ना, तर किती घरांतली भांडणं वाचतील! ‘तिसऱ्या दिवशी तुला खूप रडू येईल, घाबरू नकोस, तुला वेड लागलेलं नाही, पण दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर आम्हाला सांग.’ एवढंच वाक्य. बाळाच्या लसीचं कार्ड हातात देतो तसं हेही द्यायला हवं.

आणखी एक सांगायला हवं ते म्हणजे बाळ हातात आल्या आल्या प्रेमाचा महापूर येतोच असं नाही. पुष्कळ आयांना पहिल्यांदा फक्त दमणूक वाटते, काहींना तर परक्याचं मूल धरल्यासारखं वाटतं. मग ती घाबरते, आपण आईच नाही की काय. अगं येतं ते, कुणाला पहिल्या तासात, कुणाला महिन्याने, अंगावर पाजता पाजता, रात्री जागता जागता येतं.

आता दूध. माझ्या मते नव्या आईचं मन मोडणारं सगळ्यात धारदार वाक्य म्हणजे ‘दूध पुरत नाही वाटतं’. बाळ रडलं की कुणीतरी हे म्हणतंच, आणि म्हणणारे बहुतेक उंटावरून शेळ्या हाकणारे असतात. तान्हं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे आत्ता पाजलं आणि तासाभराने परत मागितलं तर ते नॉर्मल आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत साधारण भरून येतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट नीट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. शंका असेल तर वजनकाट्यावर ठेवा, आईच्या तोंडावर शंका घेऊ नका. आणि बाळाचं रडणं पहिल्या दोन महिन्यांत वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच उतरतं, हे ठाऊक असलेली आई आणि ठाऊक नसलेली आई यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिलीला वाटतं अजून थोडे दिवस, दुसरीला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय. मला विचाराल तर धीर देणं म्हणजे अशी खरी माहिती वेळेवर देणं, निम्मा धीर तिथेच मिळतो. आणि सगळे प्रयत्न करून अंगावर पाजणं नाहीच जमलं, किंवा काही औषधामुळे बंद करावं लागलं, तर तिला गुन्हेगारासारखं वागवू नका एवढीच विनंती.

उरलेला निम्मा धीर हाताने द्यायचा असतो. ‘काही लागलं तर सांग हं’ हे वाक्य मी तर बंदच करून टाकलं असतं. बोलणाऱ्याचं काय जातं, आणि ज्या बाईला दुपारी दात घासायची आठवण होते ती विचार करून, यादी करून, लाज सोडून मदत मागायला तुमच्याकडे कधी येणार? त्यापेक्षा जाऊन सांगा की आता दोन तास बाळ माझ्याकडे, फक्त पाजायला आणून देईन, तू दार लावून झोप. बाळ घेऊन बसणं आणि आईला कामाला लावणं ही मदत नाही, उलट करा, भांडी तुम्ही घासा आणि बाळ तिच्याकडे राहू द्या, किंवा तिला काय हवंय ते तिलाच विचारा. रात्रीची एक पाळी नवऱ्याने उचलली आणि तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली तर दुसऱ्या दिवशी घरातली बाई वेगळीच दिसते, करून बघा. आणि अभिनंदनाचे मेसेज पहिल्या आठवड्यात ढिगाने येतात, तुम्ही तुमचा मेसेज जरा राखून ठेवा आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाठवा, तेव्हा तिच्या फोनवर कुणीच नसतं.

बेबी ब्लूज आणि डिप्रेशन यातला फरक घरच्यांना कळलाच पाहिजे. दोन आठवडे उलटून गेले तरी रोज रडू, बाळ झोपलेलं असतानाही हिला झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, मी वाईट आई आहे, माझ्याशिवाय बाळाचं बरं होईल असं बोलणं, हे ब्लूज नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगभरात बाळंतपण झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि विकसनशील देशांमध्ये हे प्रमाण जवळजवळ २० टक्के आहे. पाचातली एक! म्हणजे ही गोष्ट प्रत्येकाच्या ओळखीत घडलेली आहे, फक्त सांगितलेली नाही. यावर उपचार आहेत, समुपदेशन आहे, औषधं आहेत, त्यातली काही अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात, फक्त आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायची नाहीत.

ओळखायला सोपं साधनही आहे. १९८७ मध्ये कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की या तिघांनी एडिंबरा स्केल म्हणून एक प्रश्नावली तयार केली. १० प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. दहा-बाराच्या पुढे गेलं की नीट तपासणी करायची. त्याने निदान होत नाही, फक्त हिच्याकडे लक्ष द्या असं कळतं. बाई पाच मिनिटांत भरते, लिहिता येत नसेल तर वाचून दाखवायचे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येतात का असा आहे आणि त्याचं उत्तर हो असेल तर बाकीची बेरीज करत बसायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना गाठायचं. असं विचारल्याने तिच्या डोक्यात नसलेला विचार भरला जातो ही समजूत चुकीची आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ नव्या आयांच्या डोक्यात अचानक भयंकर चित्रं येतात, बाळ हातातून पडलं तर, माझ्याच हातून त्याला काही झालं तर. त्या इतक्या घाबरतात की सुरीला हात लावत नाहीत, आणि कुणाला सांगतही नाहीत, बाळ काढून घेतील म्हणून. असले विचार येऊन आपणच दचकणं फार कॉमन आहे, त्याचा अर्थ ती तसं करणार असा होत नाही, डॉक्टरांना सांगितलं की मदत मिळते. पण ज्या बाईला भास होतात, कोणीतरी बोलतंय असं ऐकू येतं, बाळाबद्दल भलत्याच कल्पना पक्क्या बसतात, दिवसेंदिवस झोपच नाही तरी थकत नाही, बोलणं विस्कळीत होतं, ते वेगळं. त्याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात, हजारात एक-दोघींना होतो, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि ती इमर्जन्सी असते, हार्ट अटॅकसारखी. त्याच दिवशी हॉस्पिटल. बाहेरचं काही झालंय का वगैरे शोधण्यात रात्र घालवायची नाही.

कुणी म्हणेल एवढे मानसोपचार तज्ञ आणायचे कुठून. त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवलं, त्या घरी जाऊन डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांशी आणि पुढे बाळंतिणींशी ठरलेल्या पद्धतीने बोलायच्या. २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातल्या २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं, आणि ज्यांच्या घरी नुसत्या साध्या भेटी झाल्या त्यांच्यात ५३ टक्के. त्या सेविका मानसोपचार तज्ञ नव्हत्या, त्यांना फक्त नीट शिकवलं होतं की ऐकायचं कसं, घरच्यांना सामील कसं करायचं आणि उद्यासाठी एक छोटी गोष्ट कशी ठरवायची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तेच पुस्तिका करून जगासमोर ठेवलं. म्हणजे आधार देणं शिकवता येतं, ते काही कुणाच्या स्वभावावर सोडायची गोष्ट नाही.

बापांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण त्यांच्यावर वेगळं पत्र होईल. साधारण दहातल्या एका बापालाही या काळात डिप्रेशन येतं असं २०१० मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. पुरुष रडत नाहीत, चिडचिड करतात, उशिरा घरी येतात. त्यांनाही विचारा.

आणि ज्यांचं बाळ हाती लागतच नाही त्या बायका, त्यांच्याबद्दल कुठल्याच लेखात एक ओळ नसते. जगात दर वर्षी जवळजवळ १९ लाख बाळं मृत जन्माला येतात. अशा बाईला बाळाचं तोंड बघायचं असेल, हातात घ्यायचं असेल तर घेऊ द्या, नको असेल तर आग्रह नको, पण तिच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवू नका. आणि तिला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवसांनी पान्हा फुटेल. हे कुणी सांगत नाही. बाळ नाही आणि छाती दुधाने भरून येते, कपडे भिजतात, त्या क्षणी ती एकटी असेल तर काय होत असेल विचार करा. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. थंड पट्ट्या, घट्टसर आधार देणारे कपडे, फार ताण आला तर थोडंसं दूध काढून टाकणं, डॉक्टरांचा सल्ला, हे सगळं तिला डिस्चार्जच्या आधीच समजावून सांगायला हवं. ‘तरुण आहेस, दुसरं होईल’ हे मात्र कुणीही, कितीही चांगल्या मनाने, म्हणू नका. तिला हे मूल हवं होतं. त्याचं नाव ठरवलं होतं का विचारा, आणि ती सांगेल तेव्हा ते नाव घेऊन बोला.

तर संपादक साहेब, माझं तुमच्याकडे मागणं छोटं आहे. पुढच्या वेळी असा लेख येईल तेव्हा ती ‘आनंदी राहावे’वाली ओळ काढून टाका आणि त्या जागेवर एडिंबरा स्केलचे दहा प्रश्न एका चौकटीत छापा, मराठीत, मोठ्या अक्षरात, मूळ कुणाचे आहेत ते खाली देऊन. बाळाला लस द्यायला सहाव्या आठवड्यात आणतातच, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये बाळंतिणीच्या चार तपासण्या सांगितल्यात, त्यातली शेवटची नेमकी त्याच आठवड्यात येते. ज्या नर्स, डॉक्टर तुमचा पेपर वाचतात त्यांनी तो कागद कापून टेबलाच्या काचेखाली ठेवावा, बाळाला काट्यावर ठेवलं की आईच्या हातात पेन द्यावं. आणि घरचे बरोबर आलेले असतील तर त्यांना तेवढा वेळ बाळ घेऊन बाहेर बसवावं, कारण सगळ्यांच्या देखत ती दहाही प्रश्नांना ‘छान’ असंच लिहील.

आपली,
एक निवृत्त नर्स